निनावीपणाची मुद्रा : नाओतो फुकासावा आणि कर्त्याच्या माघारीचा इतिहास

१

१९४६ सालच्या नोव्हेंबरमध्ये ‘सेकाई’ या जपानी मासिकात कुवाबारा ताकेओ यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. कुवाबारा फ्रेंच साहित्याचे अभ्यासक. हायकूच्या परंपरेचे अभिमानी मुळीच नव्हेत. त्यांनी पंधरा हायकू कवींची नावे काढून वाचकांपुढे ठेवले. त्यांपैकी दहा त्या काळच्या मान्यवर गुरूंचे होते, पाच अप्रसिद्ध हौशी कवींचे. गुरूचा हायकू कोणता आणि हौशी माणसाचा कोणता, हे केवळ संहितेवरून सांगता येते का, असा त्यांचा प्रश्न होता. येत नाही, हे त्यांचे उत्तर. आणि ज्या प्रकारातील रचनेचे मूल्य कर्त्याच्या नावावाचून ठरत नाही त्याला ‘दुय्यम कला’ म्हणावे, हा निष्कर्ष. आय. ए. रिचर्ड्स यांचा केम्ब्रिजमधील निनावी कवितांचा प्रयोग (१९२९) मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा आहे, आणि कुवाबारांपुढेही तोच नमुना होता. मात्र दोन्ही प्रयोगांचा रोख भिन्न आहे. रिचर्ड्स परीक्षा घेत होते वाचकाची. कुवाबारांनी परीक्षा घेतली ती कलाप्रकाराची.

त्या दहा मान्यवरांत ताकाहामा क्योशी (१८७४–१९५९) होते. ‘होतोतोगिसु’ या नियतकालिकाची सूत्रे त्यांच्या हाती १८९८ पासून होती, आणि ‘क्याक्कान शासेइ’ म्हणजे ‘वस्तुनिष्ठ रेखाटन’ हे तत्त्व त्यांनी दोन पिढ्यांच्या हायकूकारांच्या अंगी बाणवले होते. कवीने आपली भावना शब्दांत ओतू नये. समोरचे दृश्य जसे आहे तसे टिपावे. भावना वाचकाच्या ठायी आपोआप उमटेल, असे त्या तत्त्वाचे सार सांगता येईल. कुवाबारांचा आघात बसला तो नेमका येथे. कवीने स्वतःला रचनेतून काढून घ्यावे असे ज्या संप्रदायाने शिकवले, त्याच संप्रदायात कवीच्या नावावाचून रचनेची ओळख पटत नव्हती.

प्रस्तुत निबंधाचा विषय असलेले नाओतो फुकासावा हायकूकार नव्हेत. ते औद्योगिक डिझाइनर आहेत. भिंतीवरचे सीडी-यंत्र, खोलीतील हवा दमट ठेवणारे उपकरण, मोबाइल फोन, खुर्च्या अशा वस्तूंच्या रचनेसाठी ते ओळखले जातात, आणि जपानी अल्पतमवादाचे, ज्याला ‘मिनिमलिझम’ म्हणण्याची रीत आहे त्याचे, प्रतिनिधी म्हणून त्यांचा उल्लेख होतो. परंतु आपल्या कामाची उपपत्ती सांगताना त्यांनी ज्यांचे ऋण नोंदवले आहे त्यांत क्योशी आणि त्यांचे ‘वस्तुनिष्ठ रेखाटन’ अग्रभागी आहेत. समीक्षेच्या दृष्टीने हा धागा फार मोलाचा आहे. कुवाबारांनी हायकूला विचारलेला प्रश्न या वस्तूंनाही विचारता येतो : नाव पुसले तर काय उरते?

२

मराठी सौंदर्यचर्चेत वापराची वस्तू बहुधा दृष्टान्तापुरती येते. मर्ढेकरांपासून रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पर्यंत (१९७४) कलाकृतीची स्वायत्तता हा वादाचा मध्यबिंदू राहिला, खुर्ची आणि घडा यांची आठवण झाली ती मुख्यतः कलाकृती काय नसते हे सांगण्यासाठी. त्यामुळे एका डिझाइनरची कारकीर्द वाङ्मयीन समीक्षेच्या पानांवर तपासणे काहींना अस्थानी वाटेल. पण लेखकाच्या मृत्यूची ग्वाही रोलाँ बार्थ यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिली, ‘लेखक म्हणजे काय’ हा प्रश्न मिशेल फुको यांनी १९६९ मध्ये विचारला, आणि तेव्हापासून हा वाद संहितेच्या कुंपणात राहिलेला नाही. कर्त्याच्या अभावाची उपपत्ती जेथे कारखान्यात, दुकानात आणि जमाखर्चात उतरते, तेथे तिचे काय होते हे पाहण्याची संधी अशा कारकिर्दीत मिळते.

फुकासावांचा जन्म १९५६ चा, यामानाशी प्रांतातला. १९८० मध्ये ते तामा कला विद्यापीठातून पदवीधर झाले आणि नागानो प्रांतातील सुवा सेइकोशा (पुढची सेइको एप्सन) या घड्याळे बनवणाऱ्या कंपनीत रुजू झाले. मनगटी घड्याळांसाठी कमावलेले सूक्ष्म तंत्र इतर उपकरणांत कसे वापरता येईल, हा त्या काळी कंपनीपुढचा प्रश्न होता. याचा अर्थ, ज्या पिढीपुढे यंत्राला दिसण्यापुरता आकारच उरला नव्हता त्या पिढीचे ते डिझाइनर आहेत. वाफेच्या इंजिनाचे कार्य त्याच्या रूपात दिसते. स्फटिकपटल आणि चिप यांचे कार्य कोठेच दिसत नाही. त्यांना कोणतेही कवच चालते. रूप कार्यामागोमाग येते हा आधुनिकांचा सिद्धान्त येथे लंगडा पडतो, कारण मागोमाग जावे असे दृश्य कार्यच नाही.

१९८९ मध्ये ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला बिल मॉग्रिज यांच्या ‘आयडी टू’ या संस्थेत गेले. १९९१ मध्ये ही संस्था इतर दोन संस्थांत मिसळून ‘आयडिओ’ झाली. सिलिकॉन व्हॅलीच्या भरभराटीचा तो काळ. पडद्यावरचा संवाद, बटणे, चिन्हे यांचे शास्त्र तेथे आकार घेत होते. १९९६ मध्ये फुकासावा टोकियोला परतले ते आयडिओच्या जपानी शाखेचे प्रमुख म्हणून. २००३ मध्ये त्यांनी स्वतःचे कार्यालय थाटले. तपशील एवढे पुरेत. लक्षात घ्यायचे ते हे की, ज्याला आज सर्रास ‘जपानी’ म्हटले जाते ते त्यांचे रूपवैशिष्ट्य आठेक वर्षांच्या अमेरिकी वास्तव्यानंतर प्रकट झाले आहे.

३

जपानी साधेपणाचे स्पष्टीकरण झेन पंथाने देण्याची सवय पाश्चात्त्य समीक्षेला आहे, आणि ती आपणही उचलली आहे. शून्य, रिक्तता, दगडांची बाग. या सवयीत इतिहासाला जागा नसते. फुकासावांच्या बाबतीत तर कागदोपत्री वंशावळ उपलब्ध आहे, आणि ती अगदी निराळ्या दिशेने जाते.

‘शासेइ’ हा शब्द हायकूच्या विचारात आणला तो क्योशींचे गुरू मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांनी. शिकींना ती कल्पना सुचली चित्रकार नाकामुरा फुसेत्सु यांच्या सहवासात. फुसेत्सु हे कोयामा शोतारो यांचे शिष्य, आणि कोयामा शिकले ते आंतोनिओ फोंतानेझी या इटालियन चित्रकाराकडे. मेइजी सरकारच्या कला विद्यालयात शिकवण्यासाठी फोंतानेझी १८७६ मध्ये टोकियोला आले होते. प्रत्यक्ष निसर्गासमोर बसून रेखाटन करणे ही त्या विद्यालयातली शिस्त. म्हणजे ज्या तत्त्वाला पुढे हायकूचा आत्मा मानले गेले, त्याच्या घडणीत युरोपीय चित्रशाळेच्या वर्गपाठाचा वाटा आहे. यात हायकूला कमीपणा नाही. परंपरा अशाच उसनवारीने जिवंत राहतात. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुळलेला हायकू वाचताना हा आडवळणाचा प्रवास आपल्या ध्यानात सहसा येत नाही, एवढेच.

वंशावळीची दुसरी शाखा अमेरिकी आहे. जेम्स जे. गिब्सन (१९०४–१९७९) या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या दृष्टिसंवेदनेवर काम केले होते. १९७९ च्या आपल्या शेवटच्या ग्रंथात त्याने ‘अफॉर्डन्स’ ही संकल्पना सविस्तर मांडली. परिसर प्राण्याला ज्या कृतींची मुभा देतो त्या मुभा परिसरातच असतात. प्राणी त्या थेट उचलतो, मनात अर्थ लावत बसत नाही. गुडघ्याइतका उंच, सपाट, टणक दगड बसण्याची मुभा देतो. त्याला ‘आसन’ हे नाव मिळण्याची वाट कोणी पाहत नाही. जपानमध्ये या विचाराचा प्रसार मासातो सासाकी यांनी केला. २००४ मध्ये सासाकी, वास्तुविद ताकेशी गोतो आणि फुकासावा या तिघांच्या नावे डिझाइनच्या परिसरविज्ञानावर एक पुस्तकही निघाले.

चिन्हमीमांसेच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. बार्थ यांनी १९७० मध्ये जपानला चिन्हांचे साम्राज्य म्हटले. गिब्सनच्या जगात मात्र कृती चिन्हाच्या आधी येते. फुकासावा वारंवार देतात ते उदाहरण छत्रीचे. दारात छत्री ठेवायला स्टँड नसेल तर माणूस ती भिंतीला टेकवतो, आणि टोक घसरू नये म्हणून फरशीच्या सांध्यात नकळत रोवतो. तेव्हा भिंतीपासून थोड्या अंतरावर जमिनीत काही मिलिमीटर रुंदीची एक खाच पाडली की छत्रीचा स्टँड झाला. तेथे ‘छत्री येथे ठेवा’ असे सांगणारी वस्तू कोणतीच नाही. ठेवणाऱ्यालाही आपण स्टँड वापरला हे कळणार नाही. क्योशींचे रेखाटन आणि गिब्सनची मुभा येथे एकत्र येतात : डिझाइनरने शोध लावायचा नाही, जे घडतेच आहे ते टिपायचे. ‘विचाराविना’ या नावाने फुकासावांनी कंपन्यांतल्या तरुण डिझाइनरांसाठी १९९८ च्या सुमारास कार्यशाळा सुरू केल्या त्या याच भूमिकेतून. एका आरंभीच्या रचनेत छपाईयंत्राला कागदाची टोपली जोडलेली आहे. छापलेले पान पाहून चुरगाळून टाकण्याची आपली सवय त्या यंत्राने निमूटपणे टिपली आहे.

४

या सगळ्याची सर्वांत सघन संहिता म्हणजे १९९९ चे भिंतीवरील सीडी-यंत्र. कार्यशाळेत जन्मलेली ही कल्पना पुढे मुजी कंपनीने बाजारात आणली आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती वस्तू संग्रही घेतली. पांढरी चौकोनी पेटी, भिंतीला टांगलेली. मध्यभागी तबकडी उघडीच बसवायची. तिच्यावर झाकण नाही. खाली एक दोरी लोंबते. दोरी ओढली की तबकडी फिरू लागते आणि संगीत सुरू होते. पुन्हा ओढली की थांबते.

जपानी स्वयंपाकघरातला, दोरी ओढून लावायचा, धूर बाहेर टाकणारा पंखा ज्याने वापरला आहे त्याला हे रूप ओळखीचे आहे. पण येथे रूपसाम्य हा काव्यार्थाचा फक्त पहिला थर आहे. दोरी ओढल्यावर पंख्याचे पाते हळूहळू वेग घेते, आणि त्या क्षणी शरीर झुळकीची वाट पाहू लागते. सीडी-यंत्रापुढेही कातडी तीच अपेक्षा धरते, आणि झुळकीऐवजी सूर येतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ही साम्याने सुचलेली लक्षणा आहे. मात्र तिचा मुख्यार्थ शब्दात नसून हाताच्या सवयीत आहे. या वस्तूत कमी आहे ते भागांच्या संख्येत. स्मृतीच्या बाजूने ती दाट आहे. अल्पतमवाद म्हणजे वजाबाकी, या रूढ समजुतीला ही वस्तू खोडून काढते, आणि फुकासावांच्या नंतरच्या कित्येक गुळगुळीत, पांढऱ्या, अतिसभ्य रचनांपेक्षा ती श्रेष्ठ ठरते ती यामुळेच, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हवा दमट ठेवणारे त्यांचे गोल उपकरण देखणे आहे. त्यात कोणतीही कृती आठवलेली नाही.

आणि हीच वस्तू त्यांच्या उपपत्तीची मर्यादाही दाखवते. ज्याच्या घरी दोरीचा पंखा कधी नव्हता त्याला ती दोरी ‘विचाराविना’ ओढता येईल का? ओढेल तो, पण त्याची कातडी झुळकीची वाट पाहणार नाही. गिब्सनची मुभा सार्वत्रिक असेल, सवय स्थानिक असते. हा आक्षेप जपानी समीक्षेत वेगळ्या रूपात पूर्वीच नोंदला गेला आहे. १९३१ मध्ये मिझुहारा शूओशी यांनी ‘होतोतोगिसु’शी फारकत घेतली ती निसर्गातील सत्य आणि साहित्यातील सत्य यांत भेद करून. टिपायचे काय आणि वगळायचे काय हे ठरवताना कवीचे मन कामाला लागलेलेच असते. त्याला वस्तुनिष्ठा हे नाव देऊन ते लपत नाही. हजार नकळत कृतींमधून पंख्याची दोरीच निवडणे हा फुकासावांचा विचार आहे, आणि ‘विचाराविना’ हे त्याचे शीर्षक.

५

आता दुकानाकडे वळू. ‘मुजिरुशी र्‍योहिन’ म्हणजे ‘छापाविना चांगला माल’. १९८० मध्ये सेइयु या सुपरमार्केटने चाळीस वस्तूंनिशी ही मालिका सुरू केली. तुटके म्हणून एरवी बाजूला पडणारे वाळवलेले शिताके अळंबे तिच्यातल्या आरंभीच्या वस्तूंपैकी. स्वस्त आहे, पण त्याला कारण आहे, अशा आशयाची तिची जाहिरात होती. या मालिकेमागे असलेले सेइजी त्सुत्सुमी (१९२७–२०१३) विद्यार्थिदशेत साम्यवादी होते, पुढे मोठ्या भांडारसमूहाचे धनी झाले, आणि त्सुजिइ ताकाशी या नावाने कविता-कादंबऱ्या लिहीत राहिले. उद्योजकासाठी एक नाव आणि कवीसाठी दुसरे, असे जगणाऱ्या माणसाने नाव नसलेल्या मालाची कल्पना उचलून धरावी, हा योगायोग लक्षणीय आहे. त्यांच्या सोबतीला आलेखकार इक्को तानाका आणि जाहिरातलेखिका काझुको कोइके होत्या. मुजी ही त्सुत्सुमींच्या लेखी छापाच्या मोहात सापडलेल्या ग्राहकसमाजावरची टीका होती.

फुकासावा आणि केन्या हारा या कंपनीच्या सल्लागार मंडळात आले ते नव्या शतकाच्या आरंभी. मुजी आपल्या डिझाइनरांची नावे मालावर लिहीत नाही. पण नाव न लिहिणे आणि नाव नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीडी-यंत्र कोणाचे, हे डिझाइनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. संग्रहालयाच्या नोंदीत ते नाव छापलेले आहे. फुको ज्याला लेखक-कार्य म्हणतात ते लेबलावरून काढले तरी व्यवस्थेत शिल्लक राहते. २०१६ मध्ये मुजीचे भारतातले पहिले दुकान मुंबईत, लोअर परळच्या जुन्या कापडगिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या झगमगीत मॉलमध्ये उघडले, तेव्हा ‘छापाविना’ हाच एक परदेशी, महाग छाप झालेला होता.

आणखी एक नाव या व्यवस्थेत पुसले जाते. ते मात्र कोणत्याच नोंदीत परत येत नाही. २०१९ ते २०२१ या काळात शिनजियांगमधील कापसावरून अनेक कपडेविक्रेत्यांबरोबर मुजीवरही टीका झाली. सक्तीच्या श्रमाचा आरोप त्यामागे होता. आपल्या तपासणीत गंभीर दोष आढळले नाहीत, अशी भूमिका कंपनीने घेतली. त्या वादाचा निवाडा येथे करायचा नाही. पण डिझाइनरचा निनावीपणा हा त्याने स्वीकारलेला विनय असतो. कापूस वेचणाऱ्याला तो निवडण्याचा प्रसंगच येत नाही. दोघांनाही एकच ‘साधेपणा’ लागू करणारे सौंदर्यशास्त्र तपासून घ्यावे लागते.

६

ही तपासणी आपल्याला यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांच्यापाशी नेते. ‘मिंगेई’ म्हणजे लोककारागिरी. हा शब्द १९२५ मध्ये यानागी, कुंभकार हामादा शोजी आणि कावाई कांजिरो यांनी घडवला. यानागींचा आदर्श होता अज्ञात कारागीर : सौंदर्याचा विचार न करता रोज शेकड्यांनी भांडी बनवणारा, आणि म्हणूनच सुंदर भांडी बनवणारा. क्योतोच्या दाइतोकुजी मठपरिसरातला किझाएमोन नावाचा चहाचा वाडगा हे त्यांचे आवडते प्रमाण. तो वाडगा कोरियन आहे. बनवणाऱ्याचे नाव नाही, आणि ‘किझाएमोन’ हे नाव आहे ते पुढच्या जपानी मालकाचे. कोरियात जपानी सत्तेने राजवाड्याचे ग्वांगह्वामून हे प्रवेशद्वार पाडायचे ठरवले तेव्हा यानागींनी १९२२ मध्ये त्याचा जाहीर निषेध केला, हे त्यांच्या धैर्याचे. पण निर्माता मुका आणि पारखणारा बोलका, ही त्यांच्या विचारातली विषमता वसाहतीच्या इतिहासापासून सुटी करता येत नाही, हे युको किकुची यांच्या २००४ च्या अभ्यासाने पुरते दाखवून दिले आहे.

भारतीय वाचकाला येथे चार्ल्स आणि रे ईम्स यांचा १९५८ चा अहवाल आठवेल. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा पाया घालणाऱ्या त्या अहवालात लोट्याचे मनःपूत कौतुक आहे : तो एका कोणी बनवलेला नाही, अनेक पिढ्यांच्या हातांनी बनत गेला आहे. कौतुक खरे आहे. पण लोटा निनावी राहिला आणि अहवालावर ईम्स दांपत्याची सही आहे.

२००५ मध्ये मिलानच्या फर्निचर प्रदर्शनात फुकासावांची साधी स्टुले मांडली होती. ती मांडलेली कलावस्तू आहेत हे न कळून लोक त्यांवर बसत होते. फुकासावा खट्टू झाले, असे सांगतात. त्यांचे ब्रिटिश सहकारी जॅस्पर मॉरिसन यांना मात्र यात मोठेच यश दिसले. यातून २००६ चे ‘सुपर नॉर्मल’ हे टोकियोतील प्रदर्शन निघाले : सुमारे दोनशे नेहमीच्या वस्तू, काही नामवंतांच्या, काही कोणाच्याच नाहीत अशा, सरमिसळ मांडलेल्या. कुवाबारांच्या परीक्षेचाच हा नवा प्रयोग म्हणावा लागेल. फरक एवढाच की, ज्या परिणामामुळे कुवाबारांनी हायकूला दुय्यम ठरवले तोच परिणाम या दोघांनी गुण मानला. नामवंताची वस्तू निनावी वस्तूंत ओळखू आली नाही, तर ती उत्तीर्ण. वापराच्या पातळीवर ही भूमिका मला पटते : जे स्टूल आपल्या कर्त्याची आठवण करून देत राहते त्यावर सुखाने बसता येत नाही. कवितेला हा निकष लावता येणार नाही, कारण तिचा वापर आणि तिच्याकडे लक्ष देणे ही एकच क्रिया आहे. पण दोन्ही वेळी परीक्षा मांडणाराचे नाव मात्र ठळक राहते. प्रदर्शन कोणाचे, हे टोकियोत कोणाला विचारावे लागले नसणार.

यानागींनी १९३६ मध्ये टोकियोच्या कोमाबा भागात लोककारागिरीचे संग्रहालय स्थापले. त्यांच्यानंतर हामादा, मग सोएत्सुंचे पुत्र आणि स्वतः विख्यात औद्योगिक डिझाइनर असलेले यानागी सोरी तेथे संचालक झाले. २०१२ मध्ये हे पद फुकासावांकडे आले. ते पाचवे संचालक. अज्ञात कारागिरांच्या घराच्या किल्ल्या जगातल्या सर्वांत ख्यातनाम डिझाइनरांपैकी एकाकडे गेल्या. त्या संग्रहालयात वस्तूंखालच्या पाट्या काळ्या पृष्ठावर शेंदरी रंगात हाताने लिहिलेल्या असतात, आणि त्यांवर मजकूर अगदी थोडा असतो : वस्तू काय, कोठली, कधीची. आधी पाहा, माहिती नंतर, हा यानागींचा दंडक. बहुतेक पाट्यांवर कर्त्याचे नाव नसते.